जपानी हस्तकला आणि संस्कृती गटसहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियो, कानाझावा, एचिझेन, क्योटो आणि कोयासान असा या सहलीचा मार्ग आहे. टोकियोला उतरायचं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत निघायचं. खालचे बहुतेक प्रश्न आम्हाला फोनवर आणि माहिती बैठकीत विचारले गेलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न दोन ओळींत आटपण्यासारखे नाहीत.

यात फुजी पर्वत आणि डिस्नीलँड का नाही? आमच्या शेजाऱ्यांच्या सहलीत दोन्ही होतं.

दोन्ही नाही, आणि ते मुद्दाम. टोकियोहून आपण होकुरिकू शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) कानाझावाला जातो. त्या मार्गावरून फुजीचं जवळून दर्शन घडत नाही. फुजी बघायचाच असेल तर टोकियो-क्योटो मार्गावरची, त्यातही ई क्रमांकाची खिडकी लागते. आकाश निरभ्र असावं लागतं ते वेगळंच. या सहलीत आपण एका गावी थांबतो, कारागिराच्या शेजारी बसतो, हात ओले करतो, मग पुढच्या गावी जातो. दिवसात पाच ठिकाणं उरकायची सवय असेल तर ही सहल संथ वाटेल. तसं वाटलं तर दुसरी सहल निवडा, यात आम्हाला वाईट वाटण्यासारखं काही नाही.

मला चित्रकला, शिवणकाम वगैरे काही येत नाही. माझं काय होणार?

काहीही होणार नाही. बहुतेकांना काही येत नसतं. ज्यांना येतं त्यांना उलट जड जातं, कारण आपली पद्धत बाजूला ठेवायला त्यांचा हात तयार नसतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. तासा-दीड तासाच्या कार्यशाळेत तुम्ही कला शिकत नाही. ती किती अवघड आहे एवढंच कळतं. तेवढं कळलं की नंतर दुकानातल्या वस्तूवरची किंमत वाचताना कपाळाला आठ्या पडत नाहीत.

पहिल्या दिवशी संग्रहालय कशाला? थेट कार्यशाळेत का नाही?

टोकियोच्या कोमाबा भागात जपान लोककला संग्रहालय आहे. यानागी सोएत्सु यांच्या पुढाकाराने ते १९३६ मध्ये सुरू झालं. नाव नसलेल्या कारागिरांनी रोजच्या वापरासाठी घडवलेली भांडी, कापडं, टोपल्या यांच्यात सौंदर्य असतं, हा त्यांचा आग्रह होता. आज तो सगळ्यांना पटतो, पण तेव्हा कलेच्या जाणकारांना हे ऐकून घ्यायलाही जड गेलं होतं. ही नजर घेऊन पुढे गेलं की एचिझेनचा साधा पांढरा कागदही वेगळा दिसतो. संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून आपलं आगमन सोमवारला धरून कधीच ठेवत नाही.

कागद बनवायला एवढ्या लांब जायचं? तो तर कुठेही बनतो.

आमच्या मते सहलीतला सर्वांत चांगला दिवस हाच, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

फुकुई प्रांतातल्या एचिझेन शहरात कागद बनवणाऱ्यांची वस्ती आहे. तिथलं ओकामोतो-ओताकी हे देऊळ कागदाच्या देवीचं. नदीच्या वरच्या अंगाला एक स्त्री प्रकटली आणि 'इथे शेती जमणार नाही, पण पाणी निर्मळ आहे, कागद करा' असं सांगून तिने गावकऱ्यांना कागद करायला शिकवलं, अशी कथा आहे. देवळाच्या छपराची रचना बघायला दहा मिनिटं जास्तीची ठेवा. एकावर एक चढत गेलेली अशी छपरं जपानमध्येही फारशी दिसत नाहीत.

कागदाचा कच्चा माल म्हणजे कोझो, हे तुतीच्या कुळातलं झाड. त्याची साल शिजवतात, धुतात, एकेक काळा ठिपका हाताने वेचून काढतात आणि कुटतात. मग तो लगदा पाण्यात सोडतात आणि त्यात टोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस मिसळतात. हे झाड भेंडीचं सख्खं भाऊबंद आहे. भेंडी चिरताना सुरीला जी तार येते तीच इथे कामाला येते. त्या रसामुळे तंतू तळाशी बसत नाहीत आणि पाणी चाळणीतून सावकाश गळतं. तेवढ्या वेळात कारागीर चौकट पुढे-मागे हलवून तंतू एकमेकांत गुंतवतो. थंडीत या रसाचा बुळबुळीतपणा जास्त टिकतो, म्हणून चांगला कागद पूर्वापार हिवाळ्यात, बोटं बधिर करणाऱ्या पाण्यात केला जातो.

पापिरस-कान या ठिकाणी तुम्ही स्वतः कागद गाळता. शेजारच्या उदात्सु कलाभवनात कारागीर जुन्या पद्धतीने सगळी प्रक्रिया करून दाखवतात. क्रम मात्र आधी बघायचं आणि मग करायचं असाच ठेवा. उलटं केलेल्यांचा कागद एका कोपऱ्यात जाड आणि दुसऱ्यात पारदर्शक होतो. तसाही तो होतोच म्हणा.

युनेस्कोने २०१४ मध्ये वारशाच्या यादीत घेतलेले सेकिशू, मिनो आणि होसोकावा हे तीन कागद वेगळ्या प्रांतांतले. 'मग तिकडे का नाही?' असं विचाराल. एचिझेनमध्ये कागद, सुऱ्या आणि लाखकाम हे तिन्ही एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत, म्हणून.

कानाझावात सोन्याचा वर्ख आपण स्वतः कुटणार का?

नाही. कुटण्याचं काम कारागिराचं, आपण फक्त चिकटवतो. जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावात तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते. असा पातळ पदर बोटाने उचलायला गेलं की तो बोटावरच संपतो, म्हणून बांबूच्या चिमट्याने आणि हलक्या फुंकरीने तो सरकवावा लागतो. पंखा बंद असतो आणि हसायलाही बंदी असते. वर्ख कुटताना सोन्याच्या पदरांमध्ये खास तयार केलेला हातकागद घालतात आणि वर्खाचा दर्जा बराचसा त्या कागदावर ठरतो. ही जुनी 'एंत्सुके' पद्धत २०२० मध्ये लाकडी वास्तूंच्या जतनाच्या कौशल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत आली.

गावात सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम मिळतं. फोटोत छान दिसतं, चव मात्र दुधाच्या आइस्क्रीमचीच असते. त्यापेक्षा तो वेळ कागा युझेन रंगवणाऱ्याकडे घालवा. युझेन म्हणजे भातापासून केलेल्या खळीने रेघ ओढून, तिच्या आत रंग भरलेलं रेशीम. सोन्याच्या या गावात युझेनमध्ये सोनं जवळजवळ वापरतच नाहीत. उलट पानाला किडीने पाडलेलं भोकसुद्धा आवर्जून काढतात.

वाजिमाची लाखेची भांडी प्रसिद्ध आहेत. तिथे का जात नाही?

१ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात वाजिमाची अपरिमित हानी झाली. सकाळच्या बाजाराचा भाग आगीत गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात महापूर आला. कारागिरांची घरं आणि कार्यशाळा गेल्या. अशा गावात गट घेऊन 'काय झालं ते बघायला' जाणं आम्हाला प्रशस्त वाटत नाही. कानाझावात वाजिमाच्या कारागिरांचा माल मिळतो. मदत करायची असेल तर तिथे खरेदी करा.

लाखकामाने अंगाला खाज सुटते असं वाचलं. खरं का?

खरं आहे. जपानी उरुशी म्हणजे झाडाचा चीक. आपली लाख किड्यापासून येते, ती वेगळी. उरुशीचं झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. घरात कुणाला बिब्बा उतला असेल किंवा काजूच्या बीच्या टरफलातल्या चिकाने तोंड भाजलं असेल, तर त्यांनी ओल्या उरुशीपासून चार हात लांब राहावं आणि आम्हाला आधी कळवावं. पूर्ण सुकलेल्या भांड्याचा सहसा काही त्रास नसतो.

आणखी एक गंमत. ही लाख कोरड्या हवेत सुकत नाही. तिला ऊब आणि दमटपणा लागतो. म्हणून भांडी बंद कपाटात, ओलसर हवेत ठेवून 'वाळवतात'. एका झाडातून एका हंगामात जेमतेम २०० ग्रॅम चीक मिळतो, त्यासाठी झाड दहा-पंधरा वर्षं वाढवावं लागतं आणि नंतर ते तोडतात. लाखेची वाटी महाग का, याचं उत्तर इथेच मिळतं.

किंत्सुगी शिकायला मिळेल का? फुटलेला कप सोबत आणू का?

क्योटोत किंत्सुगीचं सत्र आहे, पण त्याचा खरेपणा सांगून ठेवतो. अस्सल किंत्सुगीत उरुशीने तुकडे जोडतात, सुकू देतात, भरतात, घासतात आणि शेवटी सोन्याची पूड लावतात. यात आठवडे, कधी महिने जातात. दीड तासात होतं ते कृत्रिम गोंद वापरून. दिसायला सुंदर, पण त्या कपातून चहा पिऊ नका. फुटका कप आणायला हरकत नाही, मात्र तुकडे हरवलेले नसावेत. नवा कप मुद्दाम फोडून आणू नये. हे लिहावं लागतंय यावरून समजून घ्या.

मी बनवलेलं मातीचं भांडं लगेच घरी नेता येईल का?

नाही. क्योटोहून आपण एक दिवस शिगाराकीला जातो. जपानच्या सहा जुन्या भट्टीगावांपैकी हे एक. भांडं वाळायला हवं, मग पहिली भाजणी, झिलई आणि दुसरी भाजणी. तुमच्या हाती ते दीड-दोन महिन्यांनी पार्सलने येतं आणि पाठवणीचा खर्च वेगळा पडतो. भाजताना आकार आक्रसतो, त्यामुळे डाळीसाठी केलेली वाटी चटणीची होऊन येते. जरा मोठीच करा.

'बिझेन का नाही?' हा प्रश्न पुणेकर हमखास विचारतात, कारण बिझेन ओकायामा प्रांतात आहे आणि सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानामुळे ओकायामा त्यांना घरचं वाटतं. बिझेनची बिनझिलईची, लाकडाच्या भट्टीतली भांडी आम्हालाही प्रिय आहेत. पण तिकडे वाट वाकडी करायची तर कोयासान सोडावं लागेल.

सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. चहाविधीला खाली बसता येणार नाही.

सांगून ठेवा, खुर्चीची सोय होते. ही आधुनिक सवलत नाही. १८७२ च्या क्योटो प्रदर्शनाच्या वेळी उरासेन्के घराण्याने पाहुण्यांसाठी टेबल-खुर्चीची चहापद्धत बसवली, ती आजही मानाने चालते. चहाच्या जुन्या खोल्यांना मात्र वाकून, जवळजवळ रांगत शिरावं लागेल असं छोटं दार असतं. सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) या चहागुरूंच्या परंपरेतलं. सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून तिथून मान खाली घालून आत यावं लागे. आजी बाहेरून बघतील, बिघडत नाही.

खरी अडचण चहाची नाही, चालण्याची आहे. रोज सहा-सात किलोमीटर सहज होतात आणि स्टेशनांवर जिने आहेतच. सासूबाई सकाळी तासभर चालत असतील तर निःशंक आणा. नसतील तर आतापासून सुरुवात करा.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. हाल होतील का?

गाफील राहिलात तर होतील. जपानमध्ये भाजी दिसते म्हणजे पदार्थ शाकाहारी असतो असं नाही. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, शिजवलेली पालेभाजी, अगदी सोबतची चटणीसुद्धा बहुतेकदा 'दाशी'त केलेली असते आणि दाशी म्हणजे बहुधा सुकवलेल्या माशाच्या किसाचं पाणी. 'मासे नकोत' असं सांगितलं तर वरचा तुकडा काढून देतील, रस्सा तोच राहील. सांगणाऱ्याच्या हेतूत खोट नसते, त्यांच्या हिशेबात दाशी मासा नसतेच. म्हणून आमच्या सोबत्याकडे जपानीत लिहिलेलं कार्ड असतं. समुद्री शेवाळाची किंवा शिताके अळंबीची दाशी चालेल, माशाची नाही, असं त्यावर स्पष्ट आहे. जेवणाच्या जागाही आधी ठरवलेल्या असतात.

चहाबरोबरची गोड वागाशी बहुधा लाल किंवा पांढऱ्या घेवड्याच्या पुरणाची असते, त्यामुळे अडचण येत नाही. काहींत अंडं असतं, ते विचारून देतो.

जैन मंडळींसाठी वेगळं सांगायला हवं. बौद्ध मठांतल्या शोजिन जेवणात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही वर्ज्य असतो. पण मुळा, कमळकाकडी, गोबो, बटाटा ही कंदमुळं भरपूर असतात. काही दिवस भात, टोफू आणि सोबत आणलेला खाखरा अशी तयारी ठेवावी लागेल. 'सगळं जमेल' असं आश्वासन आम्ही देणार नाही.

कोयासानला देवळात राहायचं म्हणजे नक्की काय?

कुकाई या भिक्षूने ८१६ मध्ये वसवलेला हा डोंगरमाथा आहे, उंची साधारण ८०० मीटर. पन्नासेक मठ पाहुण्यांना उतरवून घेतात. ओसाकातल्या नांबाहून नानकाई रेल्वे, मग केबल कार, मग बस. खोली तातामीची (गवती चटयांची), झोपायला जमिनीवर गादी, स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी सामायिक. जेवण संध्याकाळी सहाच्या आत आणि पहाटे प्रार्थना. रात्री नऊनंतर गप्पांचा फड जमवता येत नाही. भिंती कागदाच्या आहेत.

ओकुनोइनच्या दफनभूमीतून देवदारांखालची सुमारे दोन किलोमीटरची वाट आहे, तिथे दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. आणि मराठी माणसाने न चुकता थांबावं अशी एक जागा म्हणजे कोयासान विद्यापीठातला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. त्याचं अनावरण सप्टेंबर २०१५ मध्ये झालं.

सार्वजनिक स्नानगृहात कपडे काढावे लागतात म्हणे?

हो, सगळे. स्त्री-पुरुष वेगळे असतात. आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं, मग गरम पाण्यात शिरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. नको असेल तर नको, कोणी आग्रह करत नाही.

कधी जायचं? मे महिन्याच्या सुट्टीत जमेल का?

आम्ही दिवाळीनंतर, नोव्हेंबरात निघतो. क्योटोत पानांचे रंग महिन्याच्या उत्तरार्धात चढतात. कोयासानला तेव्हा चांगलीच थंडी असते, स्वेटरवर भागत नाही. २९ एप्रिल ते ५ मे या 'गोल्डन वीक'मध्ये अवघा जपान प्रवासाला निघतो आणि अनेक कारागीर सुट्टीवर असतात. ऑगस्टच्या मध्यात ओबोन हा पितरांचा सण असतो, तेव्हाही तेच. साकुराच्या (चेरीच्या बहराच्या) दिवसांत जाऊ नये असं नाही, पण तेव्हा फुलांपेक्षा डोकी जास्त दिसतात.

व्हिसाचं काय?

भारतात राहणाऱ्यांसाठी एप्रिल २०२४ पासून पर्यटनाचा ई-व्हिसा सुरू आहे. अर्ज व्हीएफएसच्या केंद्रातून करायचा, एका प्रवेशावर ९० दिवसांपर्यंत राहता येतं. विमानतळावर तो फोनवर, इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. छापील कागद किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. वडीलधाऱ्यांच्या फोनवर तो आधी उघडून द्या.

रोख किती न्यावी? टिप द्यायची का?

टिप अजिबात नाही. दिलीत तर कारागीर ती परत द्यायला मागे धावत येतील. शहरांत कार्ड चालतं, गावातल्या छोट्या कार्यशाळेत रोखच लागते. परदेश सहलीवर टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) भरावा लागतो. आरक्षणाच्या दिवशी लागू असलेला दर आकारतो आणि ती रक्कम आयकर विवरणपत्रात तुमच्या खात्यावर धरली जाते.

जेआर पास (पर्यटकांचा रेल्वे पास) का देत नाही?

ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. आपल्या मार्गावर सुटी तिकिटं स्वस्त पडतात. २०२४ पासून शिंकानसेन त्सुरुगापर्यंत गेली आहे. एचिझेनहून क्योटोला जाताना त्सुरुगाला गाडी बदलावी लागते आणि तो बदल मिनिटांच्या हिशेबात असतो, तेव्हा फलाटावर फोटो काढत रेंगाळू नका. मोठ्या बॅगा 'ताक्क्यूबिन' कुरियरने थेट पुढच्या हॉटेलात पाठवतो. कोयासानला एका रात्रीची पिशवी पुरते.

सुरी विकत घेतली तर आणता येते का?

चेक-इन सामानात आणता येते, हातातल्या बॅगेत नाही. एचिझेनच्या ताकेफू नाइफ व्हिलेजमध्ये वरच्या सज्जातून खाली चाललेली घडाई दिसते. दोन पाती एकावर एक ठेवून एकदम हातोड्याखाली घालतात, ही तिथली खासियत. साध्या पोलादाची सुरी घेतलीत तर लिंबू किंवा कैरी चिरल्यावर तशीच ठेवू नका, लगेच पुसा, नाहीतर गंजेल. घरात कामाला दुसऱ्या बाई येत असतील तर स्टेनलेसच घ्या.

खरं पारंपरिक काम ओळखायला १९७४ च्या कायद्याखालचं लेबल बघा. मुख्य काम हाताने, आणि पद्धत साधारण शंभर वर्षं चालत आलेली, अशा अटी असतात. लेबल नाही म्हणजे वस्तू वाईट असं मात्र नाही. अनेक चांगले कारागीर त्या भानगडीत पडत नाहीत.

फोटो काढता येतात का?

विचारून. हात चालू असताना तोंडासमोर फोन धरू नका. क्योटोच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांमध्ये २०२४ पासून पर्यटकांना मज्जाव आहे. तिथल्या पाटीवर १०,००० येन दंड लिहिलेला आहे. गेइकोंच्या (क्योटोच्या गेशांच्या) मागे धावणाऱ्यांमध्ये आपल्या गटातलं कुणी दिसू नये, एवढीच विनंती.

औषधं आणि खाऊ नेता येईल का?

चिवडा, भाकरवडी, लाडू न्या. ताजी फळं, कढीपत्ता, आणि मांस असलेला कोणताही पदार्थ नको. विमानतळावर कुत्री हुंगत फिरतात. रोजची औषधं महिनाभराच्या आत, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह ठेवा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, कफ सिरपमध्ये कोडीन असतं, यांवर तिथे कडक नियम आहेत. नेहमीच्या औषधांची यादी निघण्याच्या दोन महिने आधी आम्हाला पाठवा.

मुलांना आणू का? एकटी येऊ का?

दहा वर्षांखालची मुलं नकोत. गरम भट्टी आणि धारदार पाती आहेत, आणि दीड तास शांत बसायचं आहे. एकट्या येणाऱ्या महिला गटात नेहमी असतात. खोली वाटून घ्यायची की स्वतंत्र हवी, ते नाव नोंदवतानाच सांगा. कानाझावा आणि कोयासानला स्वतंत्र खोल्या मोजक्याच मिळतात, त्या आधी नोंदवणाऱ्यांना जातात.